बुलेटचं पुढचं स्प्रॉकेट: सोळा, अठरा आणि मग सतरा

१६ नोव्हेंबर २०२४

गाडी: बुलेट ३५०, १९९२ चं मॉडेल, कास्ट आयर्न इंजिन. चार गियर, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, ३४६ सीसी. कागदावर १८ हॉर्सपॉवर, तेही ५,६२५ आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). कमाल टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर) मात्र खूप खाली, २,६०० च्या आसपास मिळतो. या दोन आकड्यांमधलं अंतर पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

तक्रार एकच. सातारा–कराड हायवेवर पंचाहत्तरच्या पुढे गेलं की हँडलमधून हाताला मुंग्या येतात, फूटरेस्ट थरथरतात, आणि पाय आपोआप पाचवा गियर शोधायला जातो. तो या गाडीत नाही.

उपाय सगळे एकच सांगतात: पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, सोळा दातांऐवजी अठराचं टाक. त्यानं काय होतं असं विचारलं तर एकजण म्हणतो टॉप वाढतो, दुसरा म्हणतो ॲव्हरेज वाढतं, तिसरा म्हणतो पिकअप मेलं. तिघांनीही तेच स्प्रॉकेट टाकलेलं असतं. म्हणून आधी मोजायचं, मग बदलायचं, मग परत मोजायचं.

मागचं स्प्रॉकेट हात न लावता सोडलंय. या मॉडेलला मागचं ३८ दातांचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम हा एकच ओतीव तुकडा असतो. दात बदलायचे म्हणजे ड्रमच बदलायचा. ज्यांच्या गाडीला मागचं स्प्रॉकेट बोल्टवर बसतं, त्यांना बारीक बदल करता येतो: मागचा एक दात म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास फरक. पुढे एक दात म्हणजे थेट सव्वासहा टक्के. पुढून केलेलं काम ढोबळच असणार, हे गृहीत धरून चाललोय.

१७ नोव्हेंबर

आज फक्त मोजमाप. मागच्या टायरला खडूची खूण केली, मी सीटवर बसलो, शेजारच्या पोराला ढकलायला लावलं. एका फेऱ्यात गाडी जवळपास दोन मीटर जाते. टायर ३.२५–१९, हवा नेहमीची. म्हणजे किलोमीटरला चाकाचे ५०० फेरे. हिशोबाला इतका सोयीचा आकडा फुकटात क्वचित मिळतो.

बाकीचे दात: क्रँकवर २५, क्लचवर ५६, म्हणजे प्रायमरीचं (इंजिन ते क्लच) गुणोत्तर २.२४. पुढे १६, मागे ३८, म्हणजे २.३७५. गुणाकार ५.३२. चौथा गियर थेट एकास एक आहे, त्यामुळे चौथ्यात चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३२ फेरे. तिसरा १.३६, दुसरा १.८४, पहिला २.७८.

टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) नाही, पण आता त्याची गरजही नाही. चौथ्या गियरमधले आरपीएम असे येतात:

ताशी ६० ला: १६ दातांवर २,६६०, १७ वर २,५०४, १८ वर २,३६४.
ताशी ८० ला: ३,५४७, ३,३३८, ३,१५३.
ताशी १०० ला: ४,४३३, ४,१७३, ३,९४१.

वहीत हे लिहिल्यावर उलटा हिशोबही करून पाहिला. कंपनीने दिलेल्या सोळा दातांवर, चौथ्या गियरमध्ये, ५,६२५ आरपीएमला गाडीचा वेग किती यायला हवा? ताशी १२७. ही गाडी नवीन असतानाही तिथे पोचत नव्हती. म्हणजे सोळाचं स्प्रॉकेटसुद्धा इंजिनाच्या ताकदीपेक्षा लांबच आहे. अठरा टाकलं की तोच आकडा १४३ होतो, आणि तो फक्त वहीतच राहणार. 'टॉप वाढतो' हा दावा कागदावरच पडला. आरपीएमला जागा कमी पडली म्हणून ही गाडी थांबत नाही, समोरची हवा तिला थांबवते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायला लागणारी ताकद घनाने. ८० वरून १०० ला जायचं तर हवेसाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट. ती आणायची तर इंजिन वर फिरायला हवं, आणि आपण त्याला खाली ओढतोय.

म्हणजे अठराकडून मागायचं ते इतकंच: पाऊणशे-ऐंशीला शांत चाल. त्याची किंमत कुठे आणि किती मोजावी लागते ते बघायचं.

२३ नोव्हेंबर

सोळावरची बेसलाइन. इंजिन गरम, टायरची हवा तपासलेली, टाकी अर्धी. लोणंद रस्त्यावर एक सपाट सरळ पट्टा आहे, तिथे दोन्ही दिशांनी.

गाडीच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे स्प्रॉकेट बदललं तरी काटा तेच दाखवेल. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत वेग गियरबॉक्सच्या बाजूने मोजतात. तिथे दात वाढवले की मीटर कमी दाखवायला लागतं आणि लोक म्हणतात, "ॲव्हरेज कमी झालं." कमी झालेलं असतं मीटरने मोजलेलं अंतर. माझा काटा मात्र जुनाट आहे, ८० म्हणतो तेव्हा खरे ७५. म्हणून इथून पुढचे सगळे वेग मोबाईलच्या जीपीएसचे.

चौथ्यात ४० ते ७०, थ्रॉटल पूर्ण: आठ सेकंदांच्या जरा वर. मुंग्या सुरू होतात ७४–७५ ला, म्हणजे ३,३०० आरपीएमच्या सुमारास. सपाटीला जास्तीत जास्त १०४, आणि तिथे मन रमत नाही. यवतेश्वरचा घाट, मागे बायको: बहुतेक तिसऱ्यात, वळणांवर दुसरा. टाकी ते टाकी ॲव्हरेज ३३.

३० नोव्हेंबर

मिस्त्रींकडे गाडी उघडली. दुसरी कुठली गाडी असती तर कव्हर काढून दोन बोल्टांचं काम. बुलेटचं पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे लपलेलं असतं. आधी फूटरेस्ट, मग प्रायमरी कव्हरचा मधला एकच मोठा नट, खाली ट्रे (तरीही तेल फरशीवर सांडतंच), मग क्लचच्या स्प्रिंगा, प्लेटा, रोटर, पुलर लावून इंजिनचं स्प्रॉकेट आणि क्लच प्रायमरी चेनसकट एकदम बाहेर, मग आतलं कव्हर, आणि मग कुठे ते सोळा दात दिसतात. इतकं उघडलंच आहे तर मागचं ऑइल सीलही बदललं. मजुरीपुढे सीलची किंमत म्हणजे चहाचे पैसे.

निघालेलं स्प्रॉकेट उजेडात धरून पाहिलं. दात वाकून आकड्यासारखे झालेत, हे अपेक्षित होतं. पण झीज सारखी नव्हती: एक सोडून एक दात जास्त खाल्लेला. कारण साधं आहे. चेनमध्ये आतली कडी, बाहेरची कडी अशी आलटून पालटून असते आणि कड्यांची संख्या सम. स्प्रॉकेटचे दातही सम असले की एकेका दाताला कायम त्याच जातीची कडी भेटते, आणि दोन जाती दाताला सारख्या घासत नाहीत. सतरासारखा विषम आकडा असेल तर दर फेऱ्याला कडी बदलते आणि झीज वाटली जाते. अठरा पुन्हा सम.

मिस्त्रींना विचारलं, तुमचं मत काय? ते प्लेटा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, अठरा टाकलं की हायवेला गाडी झ्याक पळंल. घाटात काय करंल ते घाटालाच इचारा."

चेनही नवी घेतली. झिजलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट म्हणजे दोन महिन्यांत तेही गेलंच. दात वाढले की चेन जास्त गुंडाळली जाते, दर दाताला अर्धी कडी, त्यामुळे मागचा ॲक्सल दर दाताला चारेक मिलिमीटर पुढे सरकतो. दोन दातांना आठ. ॲडजस्टरच्या कॅमवर तेवढी जागा होती. चेनलॉकची उघडी बाजू मागे, चेन वरच्या बाजूला ज्या दिशेने धावते तिच्या उलट.

१ डिसेंबर

सकाळी चेनचा ताण बघितला तर एका जागी बोटभर ढिला, दुसऱ्या जागी तारेसारखा ताठ. नव्या चेनला हे शोभत नाही. मधल्या स्टँडवर चाक हाताने हळूहळू फिरवून पाहिलं: मागच्या चाकाच्या एका फेऱ्यात ताठ जागा दोनदा येते. ३८ ला १८ ने भागलं तर २.११. दोष मागच्या ड्रममध्ये असता तर एका फेऱ्यात एकदाच आला असता. दोनदा येतोय म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटचं भोक मध्यावर नाही.

दुकानदाराने आधी चेन खराब असेल म्हणून सांगितलं, मग तुम्हीच नीट बसवलं नसेल म्हणाला. शेवटी व्हर्नियर लावून मापं दाखवली तेव्हा बदलून दिलं. प्रायमरीचं तेल दुसऱ्यांदा फरशीवर. इथून पुढे स्प्रॉकेट कुठलंही असो, दुकानातच भोकापासून दातांच्या बुडापर्यंत चार बाजूंनी माप घेतल्याशिवाय पैसे देणार नाही.

८ डिसेंबर

अठरावर सातारा–कराड आणि परत.

पहिली पाच मिनिटं तर वाटलं, हे कंपनीनेच का दिलं नाही? ८० ला इंजिन आता ३,१५० वर फिरतंय. पूर्वी याच आरपीएमला ७१ यायचे. मुंग्यांचा पट्टा ७५ वरून ८३–८४ ला सरकला. हिशोबाने ३,३०० आरपीएमला अठरावर ८३.७ यायला हवे होते. वही आणि हात यांचं इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. किलोमीटरला पूर्वी इंजिनाचे २,६६० फेरे, आता २,३६४. शंभर किलोमीटरला जवळपास तीस हजार फेरे वाचले, आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या पिस्टनला दर फेऱ्यात वर-खाली धावावं लागतं, त्यामुळे हे वाचलेले फेरे अंगाला कळतात.

मग उंब्रजच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर. गळीत हंगाम जोरात, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ताशी चाळीसचा वेग, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. पूर्वी चौथ्यातच थ्रॉटल उघडलं की गाडी कण्हत का होईना निघायची. आज चौथ्यात उघडलं आणि नुसते जड ठोके ऐकू आले, वेग जागेवर. चाळीसला चौथ्यात आता १,५७६ आरपीएम. तिसरा टाकला, २,१४४, आणि गाडी निघाली.

परत येताना लोणंद रस्त्यावर वळून मोजणी केली. चौथ्यात ४० ते ७०: सव्वादहा सेकंद. दोन सेकंद गेले. पण तेच तिसऱ्यात केलं तर सात सेकंदांत झालं. म्हणजे 'पिकअप मेलं' हेही अर्धंच खरं. पिकअप खालच्या गियरमध्ये जाऊन बसलंय. सोळावरचा तिसरा गियर एकूण ७.२४ चा होता आणि चौथा ५.३२ चा, अठरावरचा तिसरा ६.४३ चा, म्हणजे साधारण त्या दोघांच्या मधला. हायवेला जिथे पूर्वी चौथा पुरत होता तिथे आता तिसरा वापरायचा, आणि चौथ्याला ओव्हरड्राइव्ह (फक्त निवांत चालीचा गियर) समजायचं. सवय बदलली तर साठपर्यंत तक्रार नाही.

१५ डिसेंबर

आज दुपारी समोरून वारा. नव्वदला चौथ्यात गाडी टिकेना. थ्रॉटल पूर्ण उघडं, तरी वेग ८८, ८६ असा गळत ८२ वर येऊन थांबला. नव्वदला अठरावर ३,५४७ आरपीएम होतात आणि सोळावर ३,९९०. टॉर्क दोन्हीकडे फारसा वेगळा नाही, पण ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, आणि ते साडेचारशे आरपीएम म्हणजेच वाऱ्याला द्यायची शिल्लक. ती आता नाही. तिसरा टाकावा तर नव्वदला ४,८००, जुन्या लोखंडी इंजिनाला ते सतत द्यायची माझी तयारी नाही.

वारा पडल्यावर सपाटीला टॉप बघितला: ९८. सोळावर १०४ होता. दात वाढवून टॉप सहाने कमी झाला. ज्यांचा वाढला असं ते सांगतात, त्यांनी कदाचित उतारावर मोजला असेल, किंवा त्यांच्या इंजिनात अजून काहीतरी केलेलं असेल. साध्या ३५० ला हे होणं शक्य नाही.

२२ डिसेंबर

यवतेश्वर. मागे बायको, दोघांच्या मध्ये डबा आणि पाण्याची बाटली. ज्यासाठी एवढा खटाटोप, ती परीक्षा आजची.

साताऱ्यातून निघून घाट लागला की सरळ चढावर तिसऱ्यात ४५. पूर्वी इथे २,७०० आरपीएम असायचे, टॉर्कच्या शिखरावर, आणि गाडी एका लयीत चढायची. आता २,४००. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे: वळणाआधी समोरून एसटी आली, वेग ३५ वर पडला, तिसऱ्यात १,८७६. थ्रॉटल उघडलं आणि टाकीच्या खालून बारीक, कोरडी टकटक. टॅपेटचा आवाज वेगळा, तो थ्रॉटल सोडल्यावरही राहतो. हा आवाज थ्रॉटल उघडताच येतो आणि सोडताच जातो. पिंकिंग, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी भडकल्याचा आवाज. मागून विचारणा: "अहो, ही आज खोकतेय का?"

दुसरा टाकला. ३५ ला २,५३८, टकटक बंद. पण वळण संपून ४५ झाले की दुसऱ्यात ३,२६३, इंजिन ओरडतंय, म्हणून तिसरा. तिसऱ्यात पुढच्या वळणाआधी पुन्हा ३५. असं वर पोचेपर्यंत. स्प्रॉकेटने गियरमधलं गुणोत्तर बदलत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यातली दरी पूर्वीएवढीच आहे. फक्त ती दरी वेगाच्या पट्टीवर वर सरकली आणि नेमकी या घाटाच्या चालीवर येऊन बसली. सोळावर तीच दरी जरा खाली होती, वळणांच्या वेगात, तिथे दुसरा टाकायचाच असतो.

पिंकिंगपेक्षा जास्त काळजी बिग एन्डची. या जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोळ्यात रोलर नसून फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी धातूची नळी) असतो, आणि त्याला तेलाचा थर हवा. आरपीएम कमी म्हणजे पंपाचं तेल कमी, थ्रॉटल पूर्ण म्हणजे पिस्टनचा दाब जास्त. दोन्ही एकदम म्हणजे बुश मारायचा शॉर्टकट. 'बुलेट आहे, कमी आरपीएमला ओढतेच' असं म्हणणारे बरेच भेटतात. हलक्या थ्रॉटलवर ओढते, हे खरं. दोघं बसून घाटात पूर्ण थ्रॉटलवर ओढायला लावणं ही वेगळी गोष्ट.

उतरताना आणखी एक. तिसऱ्यात इंजिन ब्रेक पूर्वीइतका धरत नाही. दोन्ही ब्रेक ड्रमचे, खालच्या वळणांपर्यंत पुढचा तापून मऊ लागायला लागला. उतारही दुसऱ्यातच काढायला हवा, हे वर जातानाच कळायला हवं होतं.

२८ डिसेंबर

बाजाराची नोंद राहिली होती. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत शनिवारच्या गर्दीत पहिला गियर. चालत्या माणसाच्या जरा पुढे, ताशी आठला, पूर्वी ९८६ आरपीएम, आता ८७६. शंभरचा फरक लिहायला किरकोळ दिसतो, पण तेवढ्यात गाडी आयडलच्या खाली जाते आणि क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो. डावा पंजा दुखायला लागला. सकाळी क्लचच्या केबलचा मोकळा खेळ कमी झालेला सापडला, म्हणजे प्लेटा खाल्ल्या जातायत. रोज गावात फिरणाऱ्याने अठराच्या नादी लागू नये, याला मला आणखी पुरावा नको.

ॲव्हरेज, अठरावर: हायवेला ६५–७० ची चाल ठेवली तर ३७, घाट आणि गाव मिळून ३२. हायवेला वाढतं कारण तीच ताकद कमी फेऱ्यांत आणि जास्त उघड्या थ्रॉटलवर काढली जाते: इंजिनाचं घर्षण कमी, अर्धवट बंद कार्बोरेटरमधून हवा ओढायची धापही कमी. घाटात हा सगळा फायदा दुसऱ्या गियरमध्ये परत जातो.

५ जानेवारी २०२५

सतरा आणलं, पुण्याच्या नाना पेठेतून, दुकानातच व्हर्नियर लावून. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

मिस्त्रींनी तिसऱ्यांदा तेच कव्हर उघडलं. या वेळी बोलले नाहीत, फक्त ट्रे आधीच सरकवून ठेवला होता. ॲक्सल चार मिलिमीटर मागे. सतरा आणि अडतीस यांना एकाशिवाय सामाईक भाजक नाही, दातांची झीज आता वाटली जाईल, हे मनातल्या मनात.

१२ जानेवारी

पुण्याला जाऊन आलो. जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, येताना घाट चढावा लागतो, त्यामुळे चढाची नोंद परतीची.

जाताना: ८० ला ३,३३८. मुंग्या बरोबर याच वेगाच्या आसपास सुरू होतात, म्हणून चाल ७६–७८ ठेवली. सोळावर ज्या वेगाला त्रास सुरू व्हायचा तिथे आता मोकळं वाटतं. अठराइतकी शांतता नाही, पण ट्रकमागे ५५ ला अडकलो तेव्हा चौथ्यातच थ्रॉटल उघडून निघता आलं. २,३०० आरपीएमला गाडीत जीव असतो. अठरावर तिथे २,१६७ होते, आणि या इंजिनात त्या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी रेघ आहे. वहीत ती दिसत नाही, मनगटाला कळते.

येताना खंडाळ्याच्या (साताऱ्याकडचं, लोणावळ्याजवळचं नव्हे) बाजूने घाट, मागे सॅडल बॅग भरलेली, एकटाच. तिसऱ्यात ४५ ते ५०, म्हणजे २,५५० ते २,८४०. शिखराच्या दोन्ही बाजूंना. ट्रकांच्या मागे ३८ वर आलं तेव्हाही २,१५६, हलक्या थ्रॉटलवर टकटक नाही. दुसरा एकदाच टाकावा लागला, तोही एका कंटेनरने मधली लेन धरून ठेवली म्हणून.

२६ जानेवारी

सतरावर यवतेश्वर, दोघं. तिसऱ्यात बहुतेक, वळणाला दुसरा, सोळासारखंच. एका जागी, वरच्या टोकाकडच्या चढावर, सोळावर तिसऱ्यात राहिलो असतो तिथे दुसरा घ्यावा लागला. तेवढंच.

४० ते ७० चौथ्यात: सव्वानऊ सेकंद. सपाटीला टॉप १०२. ॲव्हरेज मिश्र चालीत ३५. मोती चौकात क्लच पूर्ण सोडून चालता येतं, जेमतेम.

सोळा परत टाकायचं का, याचाही विचार केला. रोज घाट आणि कायम दोघं असती तर टाकलं असतं, कंपनीने ते डोक्याशिवाय दिलेलं नाही. ज्या काळात ही गाडी आखली गेली त्या काळच्या रस्त्यांना साठीची चाल हीच हायवेची चाल होती, आणि साठला सोळावर २,६६० आरपीएम येतात, टॉर्कच्या नेमक्या शिखरावर. हायवे सहापदरी झाला, आपली चाल पंधरा-वीसने वाढली, इंजिन मात्र तेच राहिलं. माझं चालवणं अर्धं हायवेला, अर्धं घाटात. सतरा राहू दे.

१६ फेब्रुवारी

चेन पहिल्यांदा ताणली, कॅमचा एक खाच. स्प्रॉकेटवर झीज सारखी दिसते, पण इतक्यात काही म्हणणं घाईचं आहे. इग्निशन टायमिंगला हात लावलेला नाही. पिंकिंग थांबवायला टायमिंग मागे ओढायचा सल्ला दोघांनी दिला होता. गियरिंगमुळे आलेला आवाज टायमिंगने दाबला की आवाज जातो, बुशवरचा भार तसाच राहतो, आणि वर हायवेला दमही कमी होतो.

२ मार्च

अठराला गिऱ्हाईक मिळालं. सोलापूरचा मित्र, गाडी माझ्या गाडीच्याच वयाची, चालवणं एकट्याचं, सोलापूर–पुणे–सोलापूर, वाटेत घाट नावाला नाही. त्याच्या कामाला अठरा चालून जावं. पण बोलता बोलता कळलं की त्याने मागे ३.५० चा टायर टाकलाय. त्या टायरचा घेर माझ्यापेक्षा दोनेक टक्के जास्त, म्हणजे दाताच्या हिशोबाने जवळपास एक-तृतीयांश दात. आज त्याच्याकडे सोळा आहे ते प्रत्यक्षात सोळाच्या थोडं वरचं आहे, आणि अठरा टाकलं की ते साडेअठराकडे झुकणार. त्याला सुचवलं की आधी सतरा घे, इंदापूर-भिगवणकडे उजनीच्या पाण्यावरून वारा समोरून आला की अठरावर नव्वद टिकणार नाही, माझं टिकलं नाही. तो म्हणाला, "मी पंच्याहत्तरच्या वर जातोय कशाला?" मग घे म्हटलं. निघताना व्हर्नियर मात्र त्याच्या हातात दिलं आणि चेन बसवल्यावर मागच्या चाकाच्या एका फेऱ्यात ताठ जागा किती वेळा येते ते मोजून फोन करायला सांगितलं.